कच्च्या साखरेचे पक्के राजकारण

साखरेच्या जागतिक तक्त्यात भारत पहिला की दुसरा, हा प्रश्न दिल्लीत दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उगवतो आणि कोणतेही सरकार असो, सत्ताधारी बाकांवरून त्याचे उत्तर अभिमानाने दिले जाते. 2021-22 च्या साखर वर्षात देशात 359 लाख टन साखर तयार झाली. इथेनॉलकडे वळवलेली सुमारे 35 लाख टन वेगळीच. निर्यात 110 लाख टनांच्या घरात गेली. भारत हा जगातील सर्वात मोठा साखर उत्पादक व ग्राहक आणि दुसऱ्या क्रमांकाचा निर्यातदार झाल्याचे केंद्रीय अन्न मंत्रालयाने तेव्हा जाहीर केले. ब्राझीलमध्ये 2021 साली दुष्काळ आणि पाठोपाठ हिमकडा पडून तेथील उत्पादन 350 लाख टनांवर आले होते, हा तपशील त्या घोषणेत नव्हता. पुढे 2023-24 मध्ये ब्राझीलने 450 लाख टनांचा पल्ला गाठला, तर 2024-25 मध्ये आपले उत्पादन 261 लाख टनांच्या आसपास घसरले. त्या वेळी हाच तक्ता पुढे करण्याचा उत्साह ओसरला होता.

क्रमांकाचा हा खेळ निरुपद्रवी असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु आपले साखर धोरण याच तक्त्याकडे पाहून ठरते. टनांची तुलना करताना त्या टनामागची व्यवस्था नजरेआड होते आणि मग ब्राझीलला जे जमते ते आपल्याला का जमत नाही, असा भाबडा प्रश्न विचारला जातो. जगात वर्षाला सुमारे 18 कोटी टन साखर तयार होते. मात्र साओ पावलोची साखर, क्वीन्सलँडची साखर, उत्तर फ्रान्समधील बीटाची साखर आणि मुजफ्फरनगर वा कोल्हापूरची साखर या चार वेगवेगळ्या राजकीय व्यवस्थांच्या निपजा आहेत.

मुळात ‘कच्ची साखर’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. उसाचा रस आटवून दाणा पाडल्यावर त्यावर मळीचा पातळ थर राहू दिला, की ती पिंगट, किंचित ओलसर साखर कच्ची. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात ध्रुवणमापकावर 99.5 अंशांपेक्षा कमी भरणारी साखर कच्ची गणली जाते. ती थेट चहात घालण्यासाठी नसते. जहाजाच्या पोटात सुटी भरून ती दुबई, बांगलादेश, इंडोनेशिया, अल्जीरिया येथील शुद्धीकरण कारखान्यांत जाते आणि तेथे पांढरी होते. भारतातील बहुतेक कारखाने हा मधला टप्पा घेतच नाहीत. रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून ते एकाच दमात पांढरी साखर पोत्यात भरतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक देशातच आहे. बीटापासूनही थेट पांढरी साखरच निघते. तात्पर्य, कच्ची साखर ही प्रामुख्याने परक्यासाठी केलेली साखर आहे. जो देश ती मोठ्या प्रमाणावर करतो त्याने आपले नशीब जागतिक बाजाराशी बांधलेले असते, आणि जो करत नाही त्याने ते देशांतर्गत मागणीशी.

आकडेवारीतील एक गुंताही याच भेदातून येतो. जागतिक तक्ते ‘कच्च्या साखरेच्या मूल्यात’ मांडले जातात, तर आपले मंत्रालय आणि कारखानदारांच्या संघटना पांढऱ्या साखरेचे वजन सांगतात. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना रूढ गुणक 1.087 हा आहे. म्हणजे 300 लाख टन पांढरी साखर कागदावर 326 लाख टन होते. हा नुसता हिशेबी फरक ऑस्ट्रेलियाच्या वार्षिक उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक भरतो! एका तक्त्यातला भारत आणि दुसऱ्या तक्त्यातला ब्राझील शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्यांनी, आणि त्यांत सभागृहातील काही सन्माननीय सदस्यही येतात, एवढे तरी पाहावे.

ब्राझीलकडे पाहू. तेथेही एके काळी सरकारच सर्व काही ठरवीत असे. 1933 मध्ये स्थापन झालेली साखर व अल्कोहोल संस्था कोटे वाटत असे, दर ठरवीत असे, निर्यातही तीच करीत असे. ती 1990 मध्ये बरखास्त झाली. तत्पूर्वी, 1975 मध्ये, तेलाच्या भडक्यानंतर लष्करी राजवटीने उसापासून इंधन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. 2003 पासून पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी तेथे रस्त्यावर आल्या. परिणाम असा, की साओ पावलो आणि आसपासच्या प्रांतांतील कारखानदार हंगामात न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा भाव पाहतो, पंपावरील इथेनॉलचा भाव पाहतो आणि रस कोणत्या टाकीत सोडायचा ते ठरवतो. त्यासाठी त्याला ब्राझिलियाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. अलीकडच्या हंगामांत निम्म्याच्या जवळपास ऊस साखरेकडे आणि उरलेला इथेनॉलकडे, अशी ही वाटणी राहिली आहे. सांतोस बंदरातून निघणाऱ्या त्या साखरेने आज जागतिक व्यापाराचा निम्म्याहून अधिक हिस्सा व्यापला आहे.

परंतु या स्वातंत्र्याची किंमत तेथील ऊस उत्पादक मोजतो, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. साओ पावलोमध्ये उत्पादक आणि कारखानदार यांच्या संयुक्त मंडळाचे सूत्र 1990 च्या दशकाअखेरीपासून लागू आहे. साखर आणि इथेनॉल यांना मिळालेल्या प्रत्यक्ष भावावरून उसाचा दर निघतो. न्यूयॉर्कमध्ये भाव पडला की उसाचा दर पडतो. भारतात केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कधीच खाली येत नाही. 2018-19 मध्ये क्विंटलला 275 रुपये असलेला हा दर 2025-26 साठी 355 रुपये झाला (मधल्या काळात त्यासाठीचा मूळ उतारा 10 टक्क्यांवरून 10.25 टक्के करण्यात आला, हेही खरे). उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा यांचे राज्य सल्लागार दर त्याहून वरचे. भाव पडला तर आपल्याकडे दर पडत नाही, देणे थकते. साओ पावलोच्या शेतकऱ्याला कमी पैसे मिळतात, पण मिळतात; मेरठच्या शेतकऱ्याला जास्त पैसे मिळतात, पण पुढल्या दिवाळीला. जोखीम दोन्हीकडे शेतकऱ्याच्याच शिरावर आहे. एकीकडे ती सूत्रात लिहिली आहे, दुसरीकडे थकबाकीच्या रकान्यात. कोणती पद्धत अधिक न्याय्य, यावर मतभेद होऊ शकतात. ब्राझीलची निर्यातक्षमता आणि भारताची दरहमी दोन्ही एकाच वेळी, सरकारी तिजोरीला तोशीस न लागता मिळतील, हा भ्रम मात्र सोडला पाहिजे.

सरकारी तिजोरीचा विषय निघाला म्हणजे जागतिक व्यापार संघटनेतील भांडणाकडे वळणे भाग आहे. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार केली. निर्यातीला अनुदान देऊन आणि उसाला चढा दर बांधून देऊन भारत जागतिक भाव पाडतो, असा तिचा आशय होता. आरोप निराधार नव्हता. 2019-20 मध्ये केंद्राने 60 लाख टन निर्यातीसाठी टनामागे 10,448 रुपये मोजले. पुढच्या हंगामात ही रक्कम 6,000 आणि मग 4,000 रुपयांवर आली. डिसेंबर 2021 मध्ये तंटा निवारण मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले, ते अशा अपिलीय मंडळापुढे जे सदस्यांच्या नेमणुकीअभावी डिसेंबर 2019 पासून बंद पडले आहे. निकाल लागण्याची भीती नसलेल्या न्यायालयात दाद मागण्याची ही कला आपण इतर बड्या देशांकडूनच शिकलो. असो.

प्रश्न तक्रारदारांच्या नैतिक अधिकाराचा आहे. ऑस्ट्रेलियात साखर जवळजवळ सगळी क्वीन्सलँडची. उत्पादन 40 लाख टनांच्या आसपास आणि त्यातील चार पंचमांशांहून अधिक कच्ची साखर म्हणून निर्यात होते. इतका निखळ निर्यातदार देश विरळा. आज तो मुक्त व्यापाराचा कैवारी म्हणून उभा राहतो. पण त्या प्रांतातील निर्यातीची कायदेशीर मक्तेदारी एका संस्थेकडे होती आणि ती 2006 च्या प्रारंभी संपली. 2004 मध्ये अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार करारातून साखर वगळली गेली, तेव्हा कॅनबेरातील सरकारने ऊस उत्पादकांचा रोष शमवण्यासाठी सुमारे 44 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे मदतपॅकेज जाहीर केले होते. निवडणूक तोंडावर होती. ऊसपट्ट्यातील मतदारसंघ केवळ पश्चिम महाराष्ट्रात आणि पश्चिम उत्तर प्रदेशातच असतात, असे नाही.

युरोपची कथा तर याहून बोलकी. नेपोलियनच्या काळातील नाकेबंदीमुळे फोफावलेला बीटाचा उद्योग युरोपने दोन शतके संरक्षणाच्या भिंतीआड वाढवला. 2006 पूर्वी पांढऱ्या साखरेला तेथे टनाला 631.9 युरोंचा आधारभाव होता. तो अनेकदा जागतिक भावाच्या तिप्पट भरे. त्या जोरावर उसाशिवाय, ढगाळ हवेत, युरोप वर्षाला 40-50 लाख टन साखर जगाच्या बाजारात ओतत होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी त्याविरुद्धही तक्रार केली आणि 2005 मध्ये ती जिंकली. युरोपीय संघाने मग टप्प्याटप्प्याने भाव 36 टक्क्यांनी कापला, उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कारखान्यांना पैसे दिले, आणि आयर्लंडसारख्या देशातून साखर उद्योग पार नाहीसा झाला. उत्पादनाचे कोटे 2017 मध्ये संपले. आज युरोपीय संघ दीड कोटी टनांच्या आगेमागे साखर करतो. परंतु निर्यातीचा तो जुना लोंढा आटला आहे. आपल्या धोरणकर्त्यांनी यातून घेण्याजोगी एक गोष्ट अशी, की युरोपने कारखाना बंद करण्याचीही किंमत ठरवली आणि ती मोजली. आपल्याकडे कारखाना आजारी पडतो, अवसायनात जातो, लिलावात कोणा पुढाऱ्याच्या नातलगाकडे जातो. पण बंद करण्याचे धोरण असे काही नसते.

युरोपच्या या निर्णयाचा फटका ज्यांना बसला त्यांत मॉरिशस होता. 1975 च्या लोमे करारातील साखर कलमान्वये जुन्या वसाहतींकडून सुमारे 13 लाख टन, बहुतांशी कच्ची, साखर युरोप आपल्याच चढ्या भावाने घेत असे. त्यातील सर्वात मोठा, 4 लाख 91 हजार टनांचा वाटा मॉरिशसचा होता. भारताला वेगळ्या कराराने 10 हजार टन मिळत. ही व्यवस्था 2009 मध्ये संपली. ज्या बेटावर ऊस तोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात भोजपुरी, तमिळ, तेलुगू मजुरांबरोबर मराठी गिरमिटियेही गेले आणि जेथे त्यांचे वंशज आजही गणेशोत्सव करतात, त्या मॉरिशसने कच्ची साखर करणे थांबवून शुद्ध व खास प्रतीच्या साखरेकडे मोर्चा वळवला. उत्पादन मात्र अडीच लाख टनांच्या आसपास उतरले. एकाच गिऱ्हाइकाच्या मर्जीवर उभारलेली साखर किती ठिसूळ, याचे हे सौम्य उदाहरण.

जळजळीत उदाहरण क्यूबाचे. 1960 मध्ये अमेरिकेने तिचा आयात कोटा तोडला आणि सोव्हिएत संघ नवे गिऱ्हाईक झाला. 1970 मध्ये फिडेल कॅस्ट्रोंनी एक कोटी टनांची जिद्द धरली, सारा देश उसाच्या फडात उतरवला. निघाली 85 लाख टन. तेवढीही पुन्हा निघाली नाही. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर चढा भाव देणारे कोणी उरले नाही. 2002 मध्ये निम्मे कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. 2022-23 मध्ये क्यूबाचे उत्पादन साडेतीन लाख टनांच्या आसपास होते आणि नंतर ते आणखी खाली गेले. जगाला साखर पुरवणारा हा देश आज साखर आयात करतो. थायलंडने अधिक शहाणपणा दाखवला. विक्रीच्या उत्पन्नाची शेतकरी 70 आणि कारखाना 30 अशी वाटणी तेथे 1984 च्या कायद्यापासून आहे, आणि ब्राझीलने 2016 मध्ये तंटा उपस्थित करताच बँकॉकने 2018 च्या प्रारंभी देशांतर्गत कोटे व बांधीव भाव काढून टाकले. आपल्या रंगराजन समितीने 2012 मध्ये अशीच वाटणी सुचवली होती. त्या अहवालातील लेव्ही साखर रद्द करण्याची शिफारस 2013 मध्ये मानली गेली, कारण तिने कारखानदार खूश होत होते. वाटणीच्या सूत्राला उत्तरेतील राज्यांनी हात लावला नाही. महिन्याचा विक्री कोटा 2013 मध्ये गेला आणि 2018 मध्ये वेगळ्या नावाने परत आला.

आता आपल्या घराकडे. भारताच्या संदर्भात कच्ची साखर हा शब्द संसदेत खऱ्या अर्थाने गाजला तो 2009 मध्ये, आणि तोही निर्यातीमुळे नव्हे, आयातीमुळे. आदल्या दोन हंगामांत 260-280 लाख टनांवर गेलेले उत्पादन 2008-09 मध्ये 145 लाख टनांवर कोसळले होते. शरद पवार यांच्याकडे कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती होती. सरकारने कच्ची साखर शुल्कमुक्त आयात करू दिली. भारतासारखे गिऱ्हाईक दारात आल्याचे दिसताच न्यूयॉर्कचा भाव चढत गेला आणि 2010 च्या प्रारंभी पौंडाला 30 सेंटांवर, म्हणजे 29 वर्षांतील उच्चांकावर पोहोचला. तशात उत्तर प्रदेशातील मायावती सरकारने आयात कच्ची साखर राज्यात आणण्यास मनाई केली, कारण स्वस्त कच्चा माल मिळाला की कारखाने उसाला भाव देणार नाहीत, ही शेतकऱ्यांची भीती. साखर कांडला बंदरात पडून राहिली आणि दिल्लीच्या किराणा दुकानात भाव भडकत राहिला. 19 नोव्हेंबर 2009 रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, पश्चिम उत्तर प्रदेशातील हजारो ऊस उत्पादक राजधानीत उतरले. 129.84 रुपयांच्या एफआरपीपेक्षा जास्त दर देणाऱ्या राज्याने वरचा फरक स्वतः भरावा, अशी तरतूद केंद्राने वटहुकमाच्या पाठोपाठ आणली होती. लोकसभेचे कामकाज बंद पडले, आणि काही दिवसांतच सरकारने ती तरतूद मागे घेतली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात बोलत होते. साखरेच्या बाबतीत केंद्र सरकार कोणाला भिते, याचा तो धडा पुढील प्रत्येक सरकारने पाठ केलेला दिसतो.

ते भय दुहेरी आहे: एका हाताला ऊस उत्पादक, दुसऱ्या हाताला शहरी ग्राहक. या दोहोंच्या मध्ये निर्यातीचा सांडवा आहे. धरण भरले की दरवाजा उचलायचा, पातळी उतरू लागली की पाडायचा. दरवाजाची कळ कृषी भवनात. 2021-22 मध्ये एक पैसाही अनुदान न देता 110 लाख टन साखर बाहेर गेली, त्यात कच्ची साखर मोठ्या प्रमाणावर होती, आणि महाराष्ट्राने 137 लाख टनांसह उत्तर प्रदेशाला मागे टाकले. त्याआधी इंडोनेशियाने आपले रंगमापनाचे निकष खास भारतासाठी शिथिल केले होते. आपली कच्ची साखर त्यांच्या नियमांच्या मानाने फारच उजळ होती आणि म्हणून चालत नव्हती! वर्षानुवर्षे खटपट करून मिळवलेली ही बाजारपेठ. 1 जून 2022 पासून निर्यातीवर निर्बंध आले, 2022-23 चा कोटा 60 लाख टनांच्या आसपास थांबला, आणि 2023-24 मध्ये निर्यात पूर्ण बंद.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. ऑगस्ट 2023 कोरडा गेला होता, एल निनोची छाया होती, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ऊस वाळत होता आणि लोकसभा निवडणूक सहा-आठ महिन्यांवर आली होती. कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याने याहून वेगळे केले असते, असे वाटत नाही. पण झाले काय? नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कचा भाव 28 सेंटांपर्यंत, बारा वर्षांतील वरच्या पातळीवर गेला होता. त्याच सुमारास, 7 डिसेंबरला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंदी आली आणि आठवडाभरात ती अर्धवट सैल करावी लागली. हंगाम संपला तेव्हा देशात 80 लाख टनांच्या आसपास साखर शिल्लक होती. अडीच महिन्यांची गरज धरली तर 60 लाख टन पुरतात. म्हणजे भीती होती त्याहून धरणात पाणी बरेच अधिक होते. मग 20 जानेवारी 2025 रोजी 10 लाख टनांना परवानगी मिळाली. भाव तोवर 20 सेंटांखाली उतरला होता आणि तो कोटाही पुरता वापरला गेला नाही.

येथे कॅलेंडर महत्त्वाचे आहे, आणि प्रदेशांच्या तुलनेतून हातात येणारी सर्वात उपयुक्त गोष्ट हीच आहे. ब्राझीलच्या मध्य-दक्षिण पट्ट्याचे गाळप एप्रिल ते नोव्हेंबर चालते. आपले ऑक्टोबरअखेर ते मार्च-एप्रिल. ब्राझीलची चिमणी थंड असते त्या चार महिन्यांत दुबईपासून जकार्तापर्यंतच्या शुद्धीकरण कारखान्यांना कच्चा माल हवा असतो आणि तो देऊ शकणारे देश दोनच, थायलंड आणि भारत. कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यातील कारखान्यांना बंदरे जवळ आहेत आणि उतारा चांगला आहे. परंतु कच्ची करायची की पांढरी, हे कारखान्याला मोळी टाकताना, नोव्हेंबरमध्ये ठरवावे लागते. कच्ची साखर करून ठेवली आणि परवानगी आली नाही, तर ती येथे दुकानात विकता येत नाही. पुन्हा विरघळवून पांढरी करण्याचा खर्च अंगावर. म्हणून शहाणा कार्यकारी संचालक पांढरी पोती भरतो आणि जानेवारीतील परवानगीचा कागद फाइलला लावतो.

निर्यातच नको, असा एक पक्ष आहे आणि त्याचा युक्तिवाद हलका नाही. साओ पावलोचा ऊस मुख्यत्वे पावसावर वाढतो, युरोपचे बीटही. महाराष्ट्रात लागवडीखालील सुमारे 4 टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी पितो, असा अंदाज कृषी मूल्य आयोगाने दशकभरापूर्वी मांडला होता. मराठवाड्यातून कच्ची साखर निर्यात करणे म्हणजे उजनी आणि जायकवाडीचे पाणी जहाजात भरणे होय. साओ पावलोत नव्वद टक्क्यांहून अधिक ऊस यंत्राने तोडला जातो, तर येथे बीडची कुटुंबे कोयता घेऊन सहा महिने घर सोडतात. हा हिशेबही टनांच्या तक्त्यात येत नाही. हे सर्व मान्य. मात्र निर्यातबंदीने ऊस कमी होत नाही. एफआरपी आणि हमखास खरेदी आहे तोवर ऊस लागणारच. बंदीने फक्त साठा वाढतो, भाव दबतो आणि बिले थकतात. ऊस कमी करायचा तर ठिबक आणि पर्यायी पिकांना दर, या मार्गाने जावे लागेल, आणि ते काम व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने होणारे नाही.

मागणी साधी आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, आरंभीचा साठा, अपेक्षित उत्पादन, इथेनॉलची गरज आणि 280-290 लाख टनांचा देशांतर्गत खप यांवरून निर्यातीचा आकडा सूत्राने ठरावा, त्यात कच्च्या साखरेचा वाटा स्वतंत्र असावा आणि एकदा दिलेला आकडा मध्येच मागे घेऊ नये. दुष्काळी वर्षी सूत्राचे उत्तर शून्य येईल. शून्य हेही उत्तरच आहे, फक्त ते वेळेवर कळले पाहिजे. मे 2025 च्या साखर नियंत्रण आदेशाने कच्ची साखर प्रथमच देशाच्या एकूण साठ्यात मोजण्याची तरतूद केली, त्यामुळे असे सूत्र बसवण्यातील एक अडचण दूर झाली आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये 2025-26 साठी 15 लाख टनांची परवानगी हंगामाच्या आरंभीच मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. मात्र तेव्हा न्यूयॉर्कचा भाव 15 सेंटांच्या आसपास, म्हणजे टनाला सुमारे 330 डॉलर होता आणि देशातील भाव त्याहून चढा, त्यामुळे वेळेवर उघडलेल्या दरवाजातून बाहेर पडण्याची घाई कोणाला नव्हती.

साखरपट्ट्यातील खासदारांना पुढील अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारायचाच असेल, तर भारताचा जगात कितवा क्रमांक हे विचारू नये. गेल्या दहा हंगामांत निर्यात खुली वा बंद करण्याचा प्रत्येक निर्णय कोणत्या तारखेला झाला, त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये कच्च्या साखरेचा भाव काय होता आणि त्या तारखेला शेतकऱ्यांची किती बिले थकली होती, एवढे तीन रकाने असलेले विवरण मंत्र्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवावे, असे त्यांनी मागावे.